अडगळीच्या खोलीतून निघालेले दुसरे बाथरूम

अमळनेरचे आमचे घर वडिलांनी १९९४ साली बांधले, तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांनी संडाससह एकच बाथरूम काढले होते आणि त्या वेळी गल्लीत तेही चैनीचे समजले गेले. खाली एक बाथरूम, एक संडास आणि भांड्यांची मोरी, वर हे एक, एवढ्यावर घर पंचवीस वर्षे विनातक्रार चालले. अडचण झाली ती घड्याळाची. आता वर आम्ही नवराबायको, दोन मुले आणि प्रताप महाविद्यालयात शिकायला आमच्याकडे राहिलेला भाचा असे पाच जण राहतो आणि त्यांपैकी चौघांना सकाळी साडेसहा ते साडेसात या एकाच तासात घराबाहेर पडायचे असते. त्यात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा आली की घर पाहुण्यांनी भरते. गेल्या रथाच्या एकादशीला दोन मेहुणे आणि एक साडू खांद्यावर टॉवेल टाकून जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेले पाहिले, आणि वर दुसरे बाथरूम काढायचेच, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

ठरवले तेव्हा हे काम दोन भिंती आणि एका दाराचे असावे, अशी माझी समजूत होती. नगरपालिकेकडून मंजूर झालेला जुना नकाशा मी कपाटातून काढला, त्यावर पेन्सिलीने चार-पाच ठिकाणी चौकोन काढून पाहिले आणि जागा भरपूर आहे, असे समाधान करून घेतले. इंजिनीअरसाहेब घरी आले तेव्हा त्यांनी त्या चौकोनांकडे नीटसे पाहिलेही नाही. ते थेट मागच्या अंगणात गेले आणि उत्तरेच्या भिंतीवरून खाली उतरणारा मैल्याचा चार इंची उभा पाइप कुठे आहे, सेप्टिक टँक कोणत्या बाजूला आहे, खालच्या खोल्यांपैकी कोणती कशाखाली येते, हे त्यांनी टेपने मोजून वहीत उतरवले. पुढचे दोन महिने आम्ही जे काही ठरवले, ते सगळे त्या पाइपापासून मोजत ठरवावे लागले, हे मला बरेच उशिरा उमगले.

आमच्या वरच्या मजल्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. घर पश्चिममुखी आहे. वर पुढच्या बाजूला आमची खोली आणि पाहुण्यांची खोली, दोन्हींसमोर साडेतीन फुटांची गॅलरी, मध्ये सहा फूट रुंदीचा पॅसेज, त्याच्या दक्षिणेला जिना आणि मुलांची खोली, उत्तरेला आधी साडेतीन फूट रुंदीची अडगळीची खोली आणि तिला लागून सात फुटी जुने बाथरूम, आणि मागे पूर्वेला उघडी गच्ची. त्या गच्चीखाली स्वयंपाकघर आणि ईशान्येला देवघर आहे. अडगळीच्या खोलीखाली मोरी आहे.

माझा पहिला चौकोन गच्चीवर होता. तिथे काही पाडावे लागत नव्हते. नुसत्या चार भिंती उभ्या करायच्या होत्या. पण तिथून उभ्या पाइपापर्यंतचे अंतर अठरा फूट भरले. मैल्याच्या आडव्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार धरला तर अठरा फुटांत साडेचार इंच नुसता उतारच जातो आणि तेवढा जाडीचा भराव टाकायला गच्चीच्या स्लॅबवर ना जागा होती ना तो भार घालण्याची सोय. हे गणित मायला सांगण्याची वेळच आली नाही. तिने दोन वाक्यांत निकाल दिला होता : "देवघरना वर संडास नको. आणि मना बिबडासनी जागाबी नको." बिबडे आणि उडदाचे पापड वाळत घालायला चैत्रात तिला ती गच्ची अख्खी लागते आणि त्याबाबतीत घरात कोणाचे काही चालत नाही.

दुसरा चौकोन गॅलरीत होता. गावात पुष्कळ जणांनी गॅलरी बंदिस्त करून तिथे मोरी किंवा संडास केलेला आहे, त्यामुळे त्यात काही गैर आहे असे मला वाटले नव्हते. साहेबांनी समजावून सांगितले की, गॅलरीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचे मुख्य लोखंड वरच्या अंगाला असते, आणि त्याच्या मोकळ्या टोकावर भिंतीचे वजन ठेवणे म्हणजे हाताच्या पंजावर पोते ठेवून हात सरळ धरायला सांगण्यासारखे आहे. कोबा, भिंत, टाइल आणि पाणी भरलेले पिंप अशी वजने त्यांनी वहीच्या एका कोपऱ्यात मांडून दाखवली, तेव्हा शेजाऱ्यांच्या गॅलरीखालून जाताना मी आपोआप बाजूने चालू लागलो. तिसरा चौकोन आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात होता आणि तो पत्नीला पसंत होता. पण तिथला पाइप खालच्या बैठकीच्या छताखालून सोळा फूट न्यावा लागला असता. फॉल्स सीलिंग करून तो झाकता येतो, पण रात्री कोणी फ्लश ओढला की त्याचा आवाज बैठकीत झोपलेल्या पाहुण्याच्या डोक्यावरून जाणार, याचा विचार करून तिनेच तो चौकोन खोडला.

उरली ती अडगळीची खोली, जी मी नकाशावर मोजलीसुद्धा नव्हती. ती पाइपापासून सहा फुटांवर होती, तिच्याखाली देवही नव्हता आणि चूलही नव्हती. दोष एकच होता, तो म्हणजे साडेतीन फुटांची रुंदी. राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूम आणि संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे फुटांच्या हिशेबात तीस चौरस फूट आणि जवळजवळ चार फूट रुंदी. आमच्या खोलीची लांबी साडेसात फूट होती, पण रुंदीत ती सहा इंच कमी पडत होती. तेव्हा जुने बाथरूम आणि ही खोली यांच्यामधली भिंत पाडायची, नवी भिंत नऊ इंच पूर्वेला सरकवून घ्यायची, नव्या बाथरूमला सव्वाचार फूट द्यायचे आणि जुन्याला सव्वासहा फूट ठेवायचे, असे ठरले. दोन्ही बाथरूमची नळाची भिंत त्यामुळे एकच झाली आणि पाइपांची लांबी निम्म्याने वाचली.

नऊ इंच ऐकायला काहीच नाही. पण जुनी भिंत तुळईवर उभी होती आणि नवी भिंत सरकल्यामुळे नुसत्या स्लॅबवर येणार होती. म्हणून तिथे विटा न वापरता चार इंची सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक घ्यावे लागले, कारण त्यांचे वजन तेवढ्याच विटांच्या भिंतीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत भरते. आमचे मिस्तरी विटांच्या कामात वाढलेले. हे ब्लॉक त्यांना फारसे रुचले नाहीत आणि पहिल्या दिवशी त्यांनी एक ब्लॉक पाण्यात टाकून तो तरंगतो हे भाच्याला तीनदा दाखवले.

यानंतर आतली मांडणी. साहेबांच्या पहिल्या रेखाटनात दार एका टोकाला होते, मग बेसिन, मग नहाणीची जागा आणि सर्वांत शेवटी बाहेरच्या भिंतीला कमोड. कागदावर ते अगदी नीटनेटके दिसत होते. एका रविवारी मुलीने गच्चीवर खडूने खऱ्या मापाची आखणी केली, कमोडच्या जागी प्लास्टिकचे स्टूल ठेवले, नहाणीच्या जागी बादली ठेवली, जुन्या प्लायवूडचा अडीच फुटी तुकडा दार म्हणून धरला आणि घरातल्या प्रत्येकाला त्या रेघांच्या आत एकदा फिरवून आणले. मी कमोडपर्यंत गेलो तो बादलीच्या जागेवरून. एकाची आंघोळ झाल्यावर दुसऱ्याला दर वेळी ओल्या फरशीतून जावे लागणार होते, हे कागद पाहून आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. मायने खुर्चीवर बसून हा सगळा प्रकार पाहिला आणि दार मध्ये का घेत नाही, एवढेच विचारले. दार मध्ये घेतले तसे सगळे सुटले : समोर बेसिन, डावीकडे उत्तरेला झरोक्याखाली कमोड, उजवीकडे दक्षिणेला तीन फुटांची नहाणी, आणि दारापाशी कोरडी जागा. हे दार आमच्या खोलीत, आजवर कपाट होते त्या भिंतीत उघडायचे होते. नवे बाथरूम आम्हाला, जुने मुलांना आणि पाहुण्यांना, अशी वाटणी झाली.

एक खोली गेली की तिच्यातले सामान कुठेतरी जाते, याचा विचार मात्र सर्वांत शेवटी झाला. त्या साडेतीन फुटांत वर्षाच्या गव्हाची पत्र्याची कोठी, आठ गाद्या, लग्नातली मोठी पातेली आणि वडिलांची ट्रंक होती. पॅसेजच्या दक्षिणेच्या भिंतीला पावणेदोन फूट खोलीची कपाटे करून गाद्या आणि पातेली तिथे गेली, त्यासाठी मुलांच्या खोलीचे दार दोन फूट पूर्वेला सरकवावे लागले, आणि पॅसेज सव्वाचार फुटांचा उरला. कोठी अजून जिन्याच्या वळणावर आहे.

काम दिवाळीनंतर काढले. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून तेव्हाच करावे, असा माझा आग्रह होता. पण आमच्याकडे त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, सकाळी केलेले प्लास्टर दुपारी भेगाळते आणि पाणी मारायला पाणीही नसते. आयएस ४५६ या मानकात कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे असे म्हटले आहे. नळाला रोज पाणी येत नसलेल्या गावात हे उन्हाळ्यात कसे जमवायचे, हा प्रश्न साहेबांनी मला विचारला आणि उत्तराची वाट पाहिली नाही. बाहेरच्या भिंती आणि बांधीव क्षेत्र यांत बदल होत नव्हता; तरी दुरुस्त नकाशा त्यांच्या सहीने करून घेतला आणि घराच्या कागदांत ठेवला.

खरा पेच जमिनीच्या पातळीचा होता. नव्या घरात बाथरूमचा स्लॅब आधीच नऊ ते बारा इंच खाली घेतलेला असतो आणि पाइप त्या खोलगट भागात लपतात. आमच्या अडगळीच्या खोलीचा स्लॅब सपाट होता. फरशी सहा इंच उचलून घेण्याचा सोपा मार्ग मिस्तरींनी सुचवला, पण रात्री झोपेत उठून सहा इंचांची पायरी चढायची, हे आम्हाला नको होते. शेवटी जुनी शहाबादी फरशी आणि तिच्याखालचा भराव थेट स्लॅबपर्यंत खरवडून काढला, तेव्हा तीन इंच मिळाले. वॉटरप्रूफिंग, उताराचा माल आणि टाइल तेवढ्यात बसले. कमोडचा मार्ग त्याहून साधा निघाला. पी ट्रॅपच्या कमोडचे तोंड मागे, फरशीपासून सुमारे १८० मिलिमीटर उंचीवर असते, त्यामुळे त्याचा पाइप भिंतीतून थेट बाहेर काढून सहा फुटांत दीड इंच उतार देत उभ्या पाइपाला जोडता आला आणि स्लॅबला हात लावावा लागला नाही. दुकानातून आधी एस ट्रॅपचा कमोड आला होता, ज्याचे तोंड खाली फरशीत जाते. चूक माझी, मी रंग सांगितला होता, ट्रॅप सांगितला नव्हता.

नहाणीच्या पाण्यासाठी मात्र स्लॅबला भोक पाडणे भाग होते. ते छिन्नी-हातोड्याने पाडायला साहेबांनी साफ मनाई केली आणि धुळ्याहून कोअर कटिंगचे यंत्र मागवले. पाण्याची धार सोडत ते पोलादी नळकांडे पाऊण तास गोल गोल फिरत राहिले आणि शेवटी मोरीत खाली धरलेल्या घमेल्यात पाच इंच व्यासाचा, पाच इंच जाडीचा काँक्रीटचा गोळा धप्पकन पडला. धुऊन पाहिला तर त्याचा कड आरशासारखा गुळगुळीत होता; काळ्या पाषाणाच्या खडीचे अर्धे कापले गेलेले तुकडे, त्यांच्यामध्ये वाळूचे करडे कण, आणि एका बाजूला आठ मिलिमीटरच्या सळईचे चकाकणारे टोक दिसत होते. वडिलांनी गिरणेची वाळू स्वतः चाळून घेतल्याचे माय नेहमी सांगे. तिने तो चार किलोचा गोळा ठेवून घेतला आणि वाळवणाच्या चादरीचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून तो आता गच्चीवर वापरला जातो.

भोकात पाइप बसला, मोरीच्या छताखालून तो उत्तरेच्या भिंतीकडे नेला, आणि तिथे प्लंबरने तो इतका सरळ बांधला की पाहणाऱ्याने कौतुक करावे. मिस्तरींनी लेव्हलची पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून पाहिली आणि क्लॅम्प सोडायला लावले. "नकाशा तुमले समजस, पानीले उतार समजस," असे ते प्लंबरला म्हणाले, पण पाहत होते माझ्याकडे. सात फुटांत पावणेदोन इंच उतार पुन्हा मोजून दिला गेला.

मग वॉटरप्रूफिंग. भिंत आणि जमीन मिळते त्या सगळ्या कोपऱ्यांना आधी सिमेंटचे गोलसर वाटे मारले, मग पॉलिमरचे दोन हात एकमेकांच्या आडव्या दिशेने दिले, जमिनीवर पूर्ण आणि नहाणीच्या भिंतींवर छातीच्या उंचीपर्यंत. ते वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बोळा कोंबून बंद केले आणि दोन इंच पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवले. पहिल्या दिवशी मोरीचे छत कोरडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला आलेल्या मावशींनी मला हाक मारली. पाइपाभोवती ताटाएवढा ओलसर गोल उमटला होता आणि त्यातून दर मिनिटाला एखादा थेंब सुटत होता.

गळती वॉटरप्रूफिंगमधून नव्हती. पाइप आणि कापलेले काँक्रीट यांच्यामधल्या फटीतून होती. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो, साधे सिमेंट त्याला धरत नाही आणि सुकताना आक्रसून केसाएवढी फट सोडते. कोअर कटिंगच्या ज्या सफाईचे आम्ही कौतुक केले, तिनेही फटीला मदतच केली होती, कारण भोकाच्या आतली भिंतही तशीच गुळगुळीत होती. पाणी उपसले, पाइपाभोवतीचे सिमेंट फोडले, भोकाची आतली बाजू छिन्नीने खरखरीत केली, पाइपाला पॉलिश पेपर घासून सॉल्व्हंट सिमेंट लावले आणि ते ओले असतानाच त्यावर वाळू चिकटवली, खालून फळी धरून न आक्रसणारा ग्राउट ओतला, आणि सांध्यावर जाळी घालून पुन्हा दोन हात दिले. दुसऱ्या चाचणीत पाणी तीन दिवस ठेवले. त्या तीन दिवसांत मी मोरीच्या छताला किती वेळा हात लावून पाहिला, हे मावशींनी नंतर सगळ्या गल्लीला सांगितले. ही चाचणी टाइल बसवण्यापूर्वी केली नसती, तर तो गोल यात्रेच्या दिवसांत उमटला असता.

टाइल, नळ, दिवे यांत विशेष काही घडले नाही. आमचे बोअरचे पाणी क्षाराचे आहे, छतातून पावसासारख्या पडणाऱ्या शॉवरची भोके वर्षभरात पांढरी होऊन बुजतात, म्हणून साधा शॉवर घेतला. गरम पाण्याला सीपीव्हीसीचे पाइप, एक्झॉस्ट पंखा, आणि जमिनीला खडबडीत टाइल.

पाण्याचा दाब हा मात्र अगदी शेवटी निघालेला विषय. टाकी आमच्याच डोक्यावर, स्लॅबपासून तीन फूट उंचीच्या कट्ट्यावर आहे, आणि शॉवर छतापासून तीन फूट खाली. म्हणजे टाकी रिकामी होत आली की पाण्याला मिळणारी उंची अवघी सहा फूट. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब धरतात, तेव्हा आमच्या वाट्याला जेमतेम ०.१८ बार येत होता, आणि एकाच पाइपावर दोन बाथरूम असल्याने शेजारी नळ सुटला की शॉवरची धार भिंतीला चिकटून उतरायची. पंप लावा, असे सगळ्यांनी सांगितले. वीज गेली की पंपही जातो, म्हणून आम्ही टाकीलाच दुसरे तोंड पाडून नव्या बाथरूमसाठी एक इंची पाइप वेगळा उतरवला. धार अजूनही बेताचीच आहे, पण शेजारच्या नळाने ती मरत नाही.

सेप्टिक टँक वाढवावा लागेल, ही मायची भीती अनाठायी ठरली. माणसे तेवढीच आहेत, नुसती बसायची जागा वाढली आहे, असे साहेबांनी तिला सांगितले तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. अंदाजपत्रक २ लाख १० हजारांचे होते, खर्च २ लाख ६४ हजार झाला. वाढीचा मोठा भाग कपाटांचा आणि सरकवलेल्या दाराचा. बाथरूमच्या हिशेबात आम्ही ते धरलेच नव्हते.

टाइल बसण्याच्या आदल्या दिवशी मुलीने चारही भिंतींचे फोटो काढले होते. प्रत्येक फोटोत पाइपाशेजारी टेप उलगडून धरलेली, जेणेकरून कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचे अंतर वाचता यावे. ते छापून पॅसेजमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. माघात टॉवेलचा दांडा बसवायला सुतार आला, त्याने नजरेने जागा धरून ड्रिल टेकवले, तेव्हा ती फोटो घेऊन धावत आली. मोजले तर गरम पाण्याचा पाइप ड्रिलच्या टोकाखाली नेमका होता. दांडा चार बोटे वर बसवला आहे; मायचा हात तिथे पोचत नाही, पण ती वर आंघोळीला येतही नाही.